हैदराबादचा बेत

कॉलेजचं पत्र आलं त्या दिवशी महालिंगप्पा वकील कोर्टातून लवकर घरी आला होता. डोक्यावरची काळी टोपी काढायच्या आधीच त्यानं लिफाफा फोडला, उभ्यानंच वाचला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोला म्हणाला, "हैदराबादला जायचंय. आपण दोघांनी."

मल्लम्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली होती आणि एवढ्या काळात नवऱ्यानं तिला कुठं नेलं असेल तर तुळजापूरला देवीच्या पायांवर आणि जळकोटला, त्याच्या आईवडिलांकडं. धाराशिवला बिऱ्हाड केल्यापासून तर कचेरीमागची गल्ली, मठ आणि आठवड्याचा बाजार, एवढ्यातच तिचं फिरणं होतं. तिनं विचारलं, कशाला जायचं.

महालिंगप्पानं पत्र पुन्हा उघडलं. ते उर्दूत होतं. एकेक ओळ वाचून त्यानं तिला मराठीत सांगितली. कॉलेजला साठ वर्षं झाली म्हणून बहमन महिन्यात, म्हणजे नाताळच्या सुमाराला, जुन्या विद्यार्थ्यांचा तीन दिवसांचा मोठा जलसा होता. सगळ्यांनी कुटुंबासह यावं असं लिहिलं होतं. बायकांसाठी वेगळा शामियाना आणि राहायची वेगळी सोय होती. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. पहिल्या दिवशी संध्याकाळी जी भाषणं व्हायची होती, त्यांत त्याचं नाव होतं.

ते कॉलेज मूळचं एका उमरावाची देवडी, म्हणजे वाडा. पुढं सरकारनं तिथं कॉलेज काढलं. महालिंगप्पा तिथं सहा वर्षं शिकला. त्याच्या तोंडून मल्लम्मानं त्या जागेबद्दल इतकं ऐकलं होतं, की डोळे मिटले तरी ती तिथं चालू शकली असती. दारातली उंच कमान, दोन्ही बाजूंनी वर जाणारा दगडी जिना, पुस्तकांच्या कपाटांना टेकवलेल्या चाकांच्या शिड्या, दिवाणखान्यातली झुंबरं. घरात पाहुणा आला की हे सगळं निघायचंच. ती ऐकत असे, पण आपल्यालाही कधी तिथं न्यावं असं तिनं तोंडानं म्हटलं नव्हतं.

मनात मात्र होतं, आणि त्याला कारण होतं.

बारा वर्षांपूर्वी, मल्लम्मा अठरा वर्षांची असताना, जळकोटच्या घरी तिची दोन वर्षांची मुलगी तापानं गेली होती. शिवकांता तिचं नाव. माघाचे दिवस होते, हुरडा चालू होता. चार दिवस पोर तापानं फणफणली आणि पाचव्या दिवशी सकाळी आईच्या मांडीवरच निवली. महालिंगप्पा तेव्हा हैदराबादला, कॉलेजात. लोकांनी पोरीला मळ्याच्या कडेला माती दिली. मल्लम्मा उंबऱ्यावर बसून राहिली. आज येतील, उद्या येतील, असं करत तिनं दोन महिने काढले. तो आला चैत्रात, परीक्षा संपल्यावर. अंगणात पाऊल टाकताच त्यानं पोर कुठंय असं विचारलं नाही, हे तिच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही. तो काही बोलायच्या आतच सासरे, शरणबसप्पा, पुढं झाले आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्याच कळवलं न्हाय ह्याला. परीक्षा व्हती. दोष द्यायचा तर मला द्या."

मल्लम्मानं तो दिला. पुरता दिला.

शरणबसप्पांचं जळकोटला हमरस्त्याला लागून किराणा आणि धान्याचं दुकान होतं. बोलायला कमी, हिशेबाला चोख, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस. मल्लम्मा तोवर त्यांना मामा म्हणायची आणि तेही सुनेला मुलीसारखं वागवायचे. त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी सरळ बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर सासूच्या मार्फत. त्यांच्यापुढं ताट ठेवायची ती मान फिरवून. माहेरी गेली की आईला, मावशीला सांगायची, माझ्या सासऱ्याला काळीज न्हाय. पोरीला माती देऊन दुसऱ्याच दिवशी तो सोलापूरच्या बाजाराला गेला.

ते खरं होतं. शरणबसप्पा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं सोलापूरला गेले होते आणि अंधार पडताना परतले होते.

पुढं महालिंगप्पानं धाराशिवला वकिली सुरू केली आणि मल्लम्मा तिथं राहायला आली. दर माघात सासरे कुणाच्या ना कुणाच्या हाती हुरड्याची पिशवी पाठवायचे. ती न उघडताच पिशवी शेजारी, बानूबाईच्या घरी नेऊन द्यायची. चार वर्षांपूर्वी शरणबसप्पा आजारी पडले, तेव्हा सून म्हणून ती जळकोटला गेली. सतरा दिवस तिनं पथ्याचं रांधलं, अंथरूण-पांघरूण धुतलं. शेवटच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. घरात दुसरं कुणी नव्हतं. ते क्षीण आवाजात म्हणाले, "मल्लम्मा, पाणी दे बाळ." ती उठली, परसात गेली आणि सासूला म्हणाली, "आत्या, ते पाणी मागाय लागलेत." सासू, रुद्रम्मा, धावत आत गेली. मल्लम्मा बाहेरच उभी राहिली. ते गेले तेव्हाही तिच्या डोळ्यांना पाणी आलं नाही आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

शिवकांतेनंतर तिला मूल झालं नाही.

म्हणून तिला कॉलेज बघायचं होतं. आपली पोर जात होती त्या वेळी नवरा कुठल्या खोलीत, कुठल्या बाकावर, काही न कळता पुस्तक वाचत बसला होता, ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढं मोठं असं तिथं काय होतं, की ज्याच्यासाठी एका बापाला त्याची पोर गेल्याचं सांगायचं नाही? हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला ती फक्त एवढंच म्हणाली, "चला. येते म्या."

तिथून महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. महालिंगप्पा कधी नव्हे इतका खुशीत होता. रोज कोर्टातून आला की तो बाहेरच्या खोलीत भिंतीवरची तसबीर उतरवून घ्यायचा आणि तिला समोर बसवून कॉलेज समजावून द्यायचा. तसबिरीत तो ऐन तारुण्यातला, शेरवानी घालून मधे उभा होता. हातात चांदीचा कप, दोन्ही बाजूंना प्रोफेसर, मागं कमान. वक्तृत्वाच्या मुकाबल्यात पहिला आल्याबद्दलचा तो कप. हा जिना चढलं की डावीकडं दिवाणखाना, तो बोट ठेवून सांगायचा. इथं सतरंजी असायची. ह्या खिडकीतून बाग दिसायची. रोज धूळ पुसताना मल्लम्मानं ती तसबीर हजार वेळा हातात घेतली होती, पण तिच्याकडं बघायची वेळ आता आली होती.

बानूबाईनंही मनावर घेतलं. तिचा नवरा कचेरीत पेशकार होता आणि माहेर हैदराबादचं, त्यामुळं तिथल्या बायकांत कसं वागायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी ती येऊन बसायची. कुणी बसा म्हटलं तर लगेच बसायचं नाही, पानदान पुढं आलं तर नको म्हणायचं नाही, आदाब कसा करायचा, शुक्रिया कधी म्हणायचं. मल्लम्माच्या जिभेवर ते शब्द वळायचे नाहीत आणि दोघी हसत सुटायच्या. बाजारातून एक इरकली लुगडं आणलं. ट्रंकेवर नवऱ्याचं नाव रंगवून घेतलं. जायचं कसं तेही ठरलं. मोटारीनं सोलापूर, तिथून आगगाडीनं वाडी, वाडीला गाडी बदलून हैदराबाद. महालिंगप्पाचा कॉलेजातला मित्र चन्नबसप्पा लातूरला मुन्सफ होता. तो आणि त्याची बायको सोलापूरला येऊन मिळणार होते.

बेत पक्का करायला चन्नबसप्पा जायच्या आधीच्या रविवारी धाराशिवला आला. जाड, हसरा, मोकळा माणूस. मूळचा बिदरचा, त्यामुळं बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा. मल्लम्मानं गव्हाची गोड हुग्गी केली होती, वर तूप. दोघं मित्र पाटांवर बसले आणि गप्पांना ऊत आला. कोण जज्ज झाला, कोण वारला, कुणाचं टक्कल पडलं. मल्लम्मा वाढत होती. तिला त्या गप्पांची मजा वाटत होती. ह्या माणसांत आता आपणही चाललोय, असं तिला वाटत होतं.

चन्नबसप्पाचं लक्ष समोरच्या खोलीतल्या तसबिरीकडं गेलं. हातातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "अरे, ही तर त्याच संध्याकाळची." आणि मग मल्लम्माकडं वळून, मोठ्या कौतुकानं, "वहिनी, ह्याचं काळीज पोलादाचं आहे. तुम्हाला तर ठाऊकच असेल. सकाळी तार आली ती मीच वर नेऊन दिली ह्याला. वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मी म्हटलं, आज बोलायला उभा राहू नकोस, दुपारची गाडी आहे, वाडीपर्यंत मी येतो सोबत. तर म्हणाला, संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नकोस. आणि संध्याकाळी असा बोलला, असा बोलला, की प्रिन्सिपॉलसाहेब उठून उभे राहिले. तेव्हा काढलेली तसबीर ही. खिशात पोटच्या पोरीच्या मरणाची तार! माझ्या मुलांना मी आजही सांगतो, माणसानं असं असावं."

महालिंगप्पानं ताटातून मान वर केली नाही. "हुग्गी वाढ त्याला," तो म्हणाला.

मल्लम्मानं हुग्गी वाढली. तूप वाढलं. पाहुण्यानं पुरे म्हणून हात आडवा धरला तेव्हा ती थांबली. मग ती आत गेली आणि चुलीपुढं बसली. बाहेर दोघं बोलत होते, त्यातला एक शब्दही पुढं तिच्या कानांत शिरला नाही. तिला दिसत होते ते शरणबसप्पा, पहाटेच्या मोटारीत चढणारे, खांद्यावर घोंगडी, तोंड फिरवलेलं. तेव्हा ती उंबऱ्यावरून बघत होती आणि मनात म्हणत होती, गेला बाजाराला.

तीनच्या सुमारास पाहुणा टांग्यात बसून गेला. महालिंगप्पा त्याला पोचवून आत आला तेव्हा मल्लम्मा तसबिरीच्या खालीच उभी होती.

"तार कुणी केली हुती?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "अप्पांनी. सोलापूरहून."

"दुसऱ्या दिवशी."

"व्हय. मला मिळाली तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं, मल्लम्मा. येऊन मी काय करणार होतो? तिला परत थोडंच आणणार होतो? मी अप्पांना पत्र लिहिलं, परीक्षा आहे, येता येत नाही. मग आलो तर अप्पा अंगणातच तसं बोलले. मी त्यांना तसं बोला म्हणून सांगितलं नव्हतं."

"पर बोलू दिलंत."

"काय करायचं होतं? सगळ्यांसमोर बापाला खोटं पाडायचं?" त्याचा आवाज जरा चढला. "बारा वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार आहे?"

तिनं अंगणातली भांडी घासायला घेतली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याच्यापुढं उभं राहून काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. त्यानं येणं टाळलं हे एक झालं. तो चोवीस वर्षांचा होता, भ्याला असेल, कप हवा असेल. कदाचित ते तिनं कधीतरी गिळलंही असतं. पण आठ वर्षं ती ज्याच्या ताटापुढं मान फिरवत होती, ज्याला तिनं पाणी दिलं नाही, तो माणूस मातीखाली गेला होता. आणि ती मान फिरवत असताना हा नवरा समोर बसून मुकाट जेवत होता. दर वेळी. त्याला एका वाक्यानं ते थांबवता आलं असतं.

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. महालिंगप्पाही तिच्याशी जपून वागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला भाकरी वाढताना ती म्हणाली, "आगगाडीनं नको. नळदुर्गावरनं मोटारीनं जाऊ. वाटंत जळकोट लागतंय, आत्यांची गाठ पडंल."

महालिंगप्पाचा जीव भांड्यात पडला. ही येतेय हेच त्याला पुरे होतं. त्यानं लगेच चन्नबसप्पाला पत्र टाकलं, की तुम्ही आगगाडीनं या, आम्ही सडकेनं येतो, हैदराबादलाच भेटू. बानूबाई शेवटचं शिकवायला आली, तर मल्लम्मानं ते सगळं नीट ऐकून घेतलं. बानूबाईला काही सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण सांगायचं तर हुरड्याच्या पिशव्यांपासून सांगावं लागलं असतं. तिनं नुसता तिचा हात धरला.

जायच्या दिवशी थंडी कडक होती. तुळजापूर ओलांडून नळदुर्गाला पोचेपर्यंत ऊन वर आलं. तिथं हैदराबादकडं जाणारी सरकारी मोटार उभी होती. ट्रंक टपावर चढली. मल्लम्मानं आपलं वेगळं गाठोडं बांधून आणलं होतं, ते तिनं वर चढवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. वाटेत महालिंगप्पा खिशातले कागद काढून पुटपुटत होता. भाषण त्यानं पाठ केलं होतं, तरी एखादा शब्द अडला की तो कागद बघायचा.

जळकोटला मोटार दहा मिनिटं थांबते. ड्रायव्हर पाणी भरायला उतरला. महालिंगप्पानं खिडकीतून रस्त्यावरच्या एकाला हाक मारली; आईला निरोप सांगायला तो त्याला पाठवणार होता, की इथंच ये, गाडीपाशी. तोवर मल्लम्मा गाठोडं घेऊन खाली उतरलेली होती.

"म्या फुडं येत न्हाय," खिडकीखाली उभी राहून ती म्हणाली.

त्याला आधी ते समजलंच नाही. मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, हे काय चालवलंय, लोक बघताहेत. तिची राहायची सोय त्यानं कळवली होती. चन्नबसप्पाची बायको तिथं वाट बघत असणार होती.

"मग तुमी बी उतरा," मल्लम्मा म्हणाली. "आज तरी उतरा. मळ्यात मामांच्या मातीपाशी माज्यासंगं चला. येकच दिवस. उद्या ह्याच टायमाला दुसरी मोटार हाय. तिनं जाऊ दोघं. म्या येते, शप्पत घेऊन सांगते."

महालिंगप्पानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला होता आणि ती खरंच वाट बघत होती. त्याचा हात खिशातल्या कागदांवर गेला.

"उद्या संध्याकाळी माझं भाषण आहे," तो म्हणाला. "उद्याच्या मोटारीनं पोचायला रात्र होईल. नाव छापलंय, मल्लम्मा. येताना उतरतो. येताना दोन दिवस राहतो."

ड्रायव्हर येऊन बसला. मल्लम्मा बाजूला झाली. मोटार सुटली, धूळ उठली आणि ती गाठोडं घेऊन घराच्या वाटेला लागली. तो उतरेल असं तिला पुरतं वाटलं नव्हतं, पण थोडं वाटलं होतं. त्या थोड्याचंच तिला चालताना ओझं झालं.

रुद्रम्मा अंगणात तूर निवडत होती. दुकान आता पुतणे बघायचे, ती घरापुरतं काहीबाही करत बसायची. सुनेला एकटीला बघून ती घाबरून उठली. मल्लम्मानं गाठोडं खाली ठेवलं, सासूच्या पाया पडली आणि तिथंच बसून सगळं सांगितलं. मग विचारलं, "आत्या, तुमाला ठावं हुतं?"

रुद्रम्मानं सुपातली तूर हातानं इकडची तिकडं केली. "व्हय," ती म्हणाली.

महालिंगप्पाचं पत्र आलं तेव्हा ती जवळच होती. शरणबसप्पांनी ते दोनदा वाचलं, चुलीत घातलं आणि जळेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, ह्याला म्या कळवलंच न्हाय, असं आपण म्हणायचं. रुद्रम्मानं तेव्हाच वाद घातला होता. पोराचं पाप तुम्ही का अंगावर घेता, म्हणाली होती. तर त्यांनी तिचा हात आपल्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि कुणाला न सांगायची शपथ घातली.

"का पर?" मल्लम्मानं विचारलं. "का केलं त्यांनी असं?"

"तुज्यासाठी," रुद्रम्मा म्हणाली. "म्हणाले, पोर अठरा वर्सांची हाय. तिला सारा जलम त्याच्याबरूबर काढायचाय. त्याचा राग धरला तर ती जगायची कशी? माजा राग धरू दे. म्या किती दिसाचा." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "आन मग तू धरलास, बाई. म्या रोज बघत हुते. एकदा म्हटलं, आता सांगते तिला. तर म्हणाले, शपत हाय."

मल्लम्मानं पाण्याचं विचारलं. त्या दिवशी आत गेल्यावर ते काय म्हणाले, ते विचारलं. रुद्रम्मा सांगायला तयार नव्हती. मल्लम्मा हलली नाही, तेव्हा ती म्हणाली, "काय न्हाय म्हणाले. पाणी प्याले. मल्लम्मा कुठंय म्हणून इचारलं. म्या म्हटलं, परसात हाय. बरं म्हणाले."

दिवस उतरायच्या आधी दोघी मळ्यात गेल्या. बांधाच्या कडेला शरणबसप्पांची समाधी होती, दगडांचा चौथरा आणि वर लहानसं लिंग. तिच्या बाजूला दोन हातांवर शिवकांतेची जागा. तिथं काही बांधलेलं नव्हतं, पण कुणीतरी पांढरे दगड गोल लावून ठेवले होते. कुणी लावले, असं मल्लम्मानं विचारलं. त्यांनीच, रुद्रम्मा म्हणाली, दर माघात येऊन नीट करायचे. मल्लम्मा चौथऱ्याशी बसली. तिनं भस्म लावलं, डोकं टेकवलं. मनात बारा वर्षांचं साठलं होतं, ते बाहेर येईल असं तिला वाटलं होतं. काही आलं नाही. मामा, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. कितीतरी वर्षांनी तो शब्द तोंडात आला होता आणि तो ऐकायला कुणी नव्हतं. बाजूच्या ज्वारीवर पाखरं उतरत होती, रुद्रम्मा उगीचच त्यांना हाकलत राहिली.

महालिंगप्पा आठव्या दिवशी परतला. कबूल केल्याप्रमाणं जळकोटला उतरला आणि दोन दिवस राहिला. मळ्यातही जाऊन आला, एकटाच. मल्लम्मानं त्याला जेवायला वाढलं, पण धाराशिवला परत जायचं नाव काढलं नाही. आपण आता इथंच राहणार, सासूबरोबर, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिला तेच सरळ वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्रम्मानं तिला आत बोलावलं. सुनेचं गाठोडं तिनं स्वतःच बांधून ठेवलं होतं.

"तू जा त्याच्यासंगं," ती म्हणाली.

"मला नका लावू जायला, आत्या."

"म्या न्हाय लावत. माज्या पोटचा हाय तरी त्याचं तोंड बघू वाटंना मला." रुद्रम्मानं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "पर तू हितं राहिलीस तर ह्यांनी आठ वर्सं कशापायी सोसलं? तुजा संसार मोडू नये म्हणूनच ना? आता तूच मोडलास तर ते समदं फुकाट गेलं."

मल्लम्मा सासूकडं बघत राहिली. रागवावं असं तिला वाटलं, पण कुणावर रागवायचं ते उमजेना. मेलेल्या माणसानं तिच्या भल्यासाठी तिला बांधून ठेवलं होतं, आणि ज्याच्याशी बांधलं होतं तो बाहेर ओसरीवर आरशात बघून भांग पाडत होता. तिनं गाठोडं उचललं.

मोटार दुपारची, नळदुर्गाकडं जाणारी. दोघांना शेजारीशेजारी जागा मिळाली. गाव मागं पडल्यावर महालिंगप्पाची कळी खुलली. जलसा फार मोठा झाला म्हणाला. भाषण चांगलं झालं, पण आवाज आता पहिल्यासारखा लागत नाही. कमान तशीच आहे, जिन्याचे दगड मात्र झिजलेत. चन्नबसप्पाच्या बायकोनं तिची फार चौकशी केली.

"तुमी काय सांगितलं?" मल्लम्मानं विचारलं. गाडीत बसल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सांगितलं, वाटेत तुझी तब्येत बिघडली. म्हणून आईकडं ठेवून आलो." तो जरा हसला. "सगळ्यांना वाईट वाटलं. पुढच्या वेळी नक्की आणा म्हणाले."

मल्लम्मा खिडकीबाहेर बघत होती. "तेवढं तरी खरं सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"काय सांगायचं होतं?"

"सांगायचं, ती मधीच उतरली. आन म्या न्हाय उतरलो."

महालिंगप्पानं पुढं बसलेल्या माणसांकडं पाहिलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. नळदुर्गाला मोटार बदलायची होती. त्यानं तिचं गाठोडं घ्यायला हात पुढं केला. तिनं ते दिलं नाही, खांद्याला मारलं आणि धाराशिवची मोटार कुठं लागते हे तिथल्या एका बाईला विचारून ती त्याच्या पुढं चालू लागली.